जुलैत आईबाबांना घेऊन समुद्राजवळ कॅम्पिंग – बे एरियात कुठे जावं?

सुपलीभर | १२ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या फ्रीमाँटला राहतो. जूनअखेरीस माझे आईबाबा रत्नागिरीहून येतायत तीन महिन्यांसाठी. बाबा ७२, आई ६८, आईचा डावा गुडघा कुरकुरतो पण चालते बऱ्यापैकी. मुलं ९ आणि ५. नवऱ्याने ऑफिसातल्या कोणाचे तरी फोटो बघितले आणि आता त्याच्या डोक्यात बसलंय की जुलैच्या तिसऱ्या वीकेंडला सगळ्यांनी तंबूत राहायचं आणि तेसुद्धा अशा ठिकाणी जिथे रात्री समुद्राची गाज ऐकू येईल, कारण आईबाबांना इथे समुद्राची आठवण येते म्हणे (त्यांनी असं कधीच म्हटलेलं नाही).

आम्ही कोणीच आयुष्यात कॅम्पिंग केलेलं नाही. नकाशात हाफ मून बे जवळ दिसतंय, सॅन मटेओ ब्रिज ओलांडला की सरळ ९२ हायवेने, ३५ एक मैल. तेच बुक करू का? अपेक्षा एवढ्याच की बाथरूम बरं असावं, दोन तासांच्या वर ड्राइव्ह नको, आणि समुद्रकिनारी उकाडा होतो तर सावली हवी. बाबा म्हणतायत मला सुती धोतर पुरे.

---

खुंटी_गहाळ | १२ मे, रात्री १०:१५

सुपलीभर, धाग्यावर स्वागत. दोन वाईट बातम्या आहेत, मी एक देतो, दुसरी उकाड्याबद्दलची आहे ती धुकटराव देतील, ते आलेच असतील वासावर.

स्टेट पार्कांचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं, रोज सकाळी ८ वाजता, पुढच्या सहा महिन्यांतल्या एका दिवसाचं. म्हणजे तुमच्या त्या जुलैच्या शनिवारचं बुकिंग जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातच उघडलं आणि लोक दूध ओट्यावरून उतरवेपर्यंत संपलंही. हाफ मून बेच्या फ्रान्सिस बीचला पन्नासेक जागा आहेत आणि बे एरियात माणसं सत्तर लाखांच्या वर. त्यामुळे 'तेच बुक करू का' हा प्रश्न मे महिन्यात जरा विनोदी आहे, हलके घ्या.

पण रडू नका. लोक कॅन्सल करतात. शनिवारच्या आधीचे मंगळ-बुध-गुरु बघत राहा, बऱ्याच जणांना त्याच आठवड्यात जाग येते की आपल्याला जमणार नाही. रिझर्व्हकॅलिफोर्नियावर (स्टेट पार्कांच्या बुकिंगची साइट) जागा सुटली की कळवा असं सांगून ठेवता येतं, ते लावून ठेवा, पण ईमेल आली की भाजी फोडणीत असली तरी गॅस बंद करून आधी बुक करा. आणि रविवार ते गुरुवार रात्रींना जागा मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त, नवऱ्याला म्हणावं सुट्टी टाक.

एक महत्त्वाचं, सगळी पार्कं एका साइटवर नसतात हे नवीन लोकांना माहीत नसतं. स्टेट पार्क रिझर्व्हकॅलिफोर्नियावर, पॉइंट रेज आणि गोल्डन गेट वगैरे राष्ट्रीय जागा रिक्रिएशन डॉट गव्हवर, आणि काउंट्यांची नि प्रादेशिक पार्कं (सोनोमा, सॅन मटेओ, सांता क्लारा, ईस्ट बे) प्रत्येकाची चूल वेगळी. लोक पहिल्या साइटवर 'फुल' बघतात आणि हॉटेल बुक करतात.

---

धुकटराव | १२ मे, रात्री ११:०२

आलो वासावर.

ताई, सुती धोतर घरी ठेवा. अगदी हात जोडून सांगतो. रत्नागिरीच्या माणसाच्या डोक्यात समुद्र म्हणजे दमट, गरम, अंग चिकचिक, हे इतकं पक्कं असतं (मी मालवणचा, मला विचारा) की इथल्या समुद्राने पहिल्यांदा थोबाडीत मारल्याशिवाय ते जात नाही. मी पहिल्या वर्षी जुलैत हाफ मून बेला हाफ पँट आणि बनियनवर गेलो होतो, बायकोची ओढणी गुंडाळून परत आलो.

का होतं ते सांगतो, कारण एकदा ते कळलं की कॅम्पग्राउंड निवडणं सोपं होतं. उन्हाळ्यात इथे किनाऱ्याला समांतर वायव्येचा वारा वाहतो, तो वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब ढकलतो आणि खालचं बर्फाळ पाणी वर येतं, जुलैतसुद्धा पाणी पन्नाशीत असतं फॅरनहाइटमध्ये, म्हणजे १२-१३ सेल्सियस धरा. त्या गार पाण्यावरून दमट हवा आली की धुकं. आणि तिकडे आत सेंट्रल व्हॅलीत शंभरी गाठलेली असते, गरम हवा वर जाते, ती पोकळी भरायला हे धुकं डोंगरांतल्या फटींतून आत ओढलं जातं, सगळ्यात मोठी फट म्हणजे गोल्डन गेट. थोडक्यात आत जितकं गरम तितका किनारा गार. तुम्ही फ्रीमाँटला ८५ डिग्रीत गाडीत बसणार आणि तासाभरात ५८ मध्ये उतरणार. हाफ मून बेला भर जुलैत दुपारचं तापमान साठीच्या घरात असतं, ते पण सूर्य दिसला तर.

आता कामाची गोष्ट. हे धुकं जाड नसतं, साधारण हजार ते दोन हजार फूट उंचीचा थर, त्याला डोंगराची एक धार आडवी आली की बऱ्याचदा तिथेच अडतं. म्हणून जागा बघताना मैल मोजू नका, समुद्र आणि तुमचा तंबू यांच्या मध्ये डोंगर आहे का ते बघा. एका डोंगराच्या मागे झोपा, दिवसा समुद्रावर जा. दहा मैल आत गेलात तर पंधरा-वीस डिग्रीचा फरक पडतो.

समुद्राला चिकटूनच राहायचं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जा, तेव्हा वारा पडतो आणि किनारा वर्षातला सगळ्यात गरम असतो. आईबाबा तीन महिने आहेत ना, मग सप्टेंबर हातात आहे की.

---

सुपलीभर | १३ मे, सकाळी ७:२०

बापरे. दोघांचेही आभार. बाबांना फोनवर धुक्याचं सांगितलं तर ते म्हणाले, "समुद्र आम्हाला नको शिकवूस." सप्टेंबरमध्ये मुलांची शाळा आणि नवऱ्याचं काहीतरी रिलीज आहे, जुलैच करावं लागेल.

डोंगरामागचं कुठलं ते सांगा ना कोणीतरी.

---

अर्धाकप | १३ मे, सकाळी ८:०५

कर्बी कोव्ह!!! दुसरं काही बघूच नका. गोल्डन गेट ब्रिज अगदी समोर, खाली छोटासा खाजगी वाटावा असा बीच, मोजून पाच जागा. मला दोन वर्षं लागली मिळायला पण काय फोटो आलेत.

---

खुंटी_गहाळ | १३ मे, सकाळी ८:३०

अर्धाकप, फोटो छानच येतात, पण त्या काकूंना गुडघा आहे. वरच्या रस्त्यावर गाडी ठेवून मैलभर उतार उतरायचा, तंबू, पाणी सगळं ढकलगाडीवर घालून, आणि दुसऱ्या दिवशी तेच सगळं चढायचं. शिवाय धुकं असलं की पुलाचा भोंगा रात्रभर वाजतो, दर थोड्या वेळाने भों... तुम्ही पंचविशीत असाल तर रोमँटिक.

---

अर्धाकप | १३ मे, सकाळी ८:४१

भोंग्याचं खरंय. आम्हाला तिसऱ्या तासापर्यंत गंमत वाटली.

---

मधलीआळी | १३ मे, दुपारी १:१०

आम्ही मरीन काउंटीत राहतो, गेली बारा वर्षं मुलांना घेऊन जातोय, तर माझे दोन आणे.

सुपलीभर, तुमच्यासाठी सॅम्युअल पी. टेलर स्टेट पार्क. फ्रीमाँटहून साठेक मैल, रिचमंड ब्रिजवरून सॅन राफेल आणि मग सर फ्रान्सिस ड्रेक रस्त्याने आत. रेडवुडचं जंगल, मधून लागुनिटास ओढा, गाडी थेट तंबूपाशी उभी राहते, फ्लशचे संडास आहेत, गरम पाण्याचे शॉवर आहेत. समुद्र तिथे नाही, पण अर्ध्या तासात पॉइंट रेजच्या लिमंतूर बीचवर पोचता, पार्किंगपासून वाळू अगदी जवळ, आईंना चालायला त्रास नाही. धुकटराव म्हणतात तो डोंगर बरोबर मध्ये आहे, इन्व्हरनेस रिज. अर्थात रेडवुड आहेत म्हणजे धुकं कधीकधी पोचतंच, त्याशिवाय ती झाडं तिथे नसती. पहाटे फांद्यांवर साठलेलं धुकं टपटप गळतं, तंबूवर पाऊस पडतोय असंच वाटतं. वरचं कापड नीट ताणून लावा.

जागा निवडताना एक लक्षात ठेवा. मुख्य रस्ता पार्कातूनच जातो, गाड्यांचा आवाज ओढ्याकाठच्या क्रीकसाइड लूपला (लूप म्हणजे गोल रस्त्याकडेच्या जागांचा गट) जास्त येतो, वरच्या ऑर्चर्ड हिलला कमी. पण खाली ओढा जवळ, मुलांना तेच आवडतं. आम्ही खाली राहतो आणि ट्रकला समुद्र समजतो.

अवांतर: ज्याच्या नावाने पार्क आहे तो टेलर सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियात आला आणि शेवटी याच ओढ्यावर कागदाची गिरणी टाकली. मग त्याने १८७० च्या दशकात इथेच शहरी लोकांसाठी तंबूंचं रिसॉर्ट काढलं, सॅन फ्रान्सिस्कोहून लोक आगगाडीने यायचे. म्हणजे तुमच्या नवऱ्याच्या आधी दीडशे वर्षं हे खूळ तिथे चालू आहे.

---

निवांत_नाही | १३ मे, दुपारी २:२५

चायना कॅम्प पण बघा, सॅन राफेलजवळच, खाडीच्या बाजूला असल्यामुळे धुकं कमी आणि चांगलं ऊबदार. पूर्वी तिथे चिनी कोळ्यांची कोळंबी पकडायची वस्ती होती, तिचे अवशेष आहेत, रत्नागिरीच्या बाबांना कोळंबीची जाळी वगैरे बघायला आवडेल. फक्त गाडी लावून थोडं चालत सामान न्यावं लागतं, दोन-तीनशे फूट वगैरे, फार नाही.

---

पोटमाळा | १३ मे, दुपारी ४:००

मला एक कळत नाही, ७२ वर्षांच्या माणसाला जमिनीवर कशाला झोपवायचं? चांगलं हॉटेल बुक करा, दिवसा समुद्र दाखवा, रात्री गादीवर झोपा. आमच्या आईला नेलं होतं तंबूत, अजून सुनावते.

---

सुपलीभर | १३ मे, संध्या. ५:३०

पोटमाळा, माझंही हेच मत होतं, नवऱ्याने घरात मतदान घेतलं, ५ विरुद्ध १ अशी हरले. फोनवरून आईबाबांनीपण त्याच्या बाजूने मत टाकलं.

---

निवांत_नाही | १३ मे, संध्या. ६:१०

मधला मार्ग आहे की. पेटलुमाला कोआ (KOA) नावाचं खाजगी कॅम्पग्राउंड आहे, तिथे केबिन मिळतात पलंगवाल्या, पोहण्याचा तलाव, मुलं खूश. नाहीतर कॅलिस्टोगाजवळ बोथे-नापा स्टेट पार्कात यर्ट आहेत, गोल तंबूघर, आत पलंग. पण तिकडे जुलैत भट्टी असते आणि समुद्र पार लांब.

---

धुकटराव | १३ मे, रात्री ९:१५

मधलीआळींना अनुमोदन. चायना कॅम्पही वाईट नाही पण ते दोन-तीनशे फूट दिवसा दोन-तीनशे असतात, रात्री दोन वाजता बाबांना बाथरूमला जायचं असेल तेव्हा तेवढ्याच अंतराचा गड होतो.

त्यावरून आठवलं, पार्क ठरवणं म्हणजे निम्मंच काम, पार्कातली जागा निवडणं हे खरं. नकाशा उघडा, संडास शोधा. त्याला लागूनची जागा घेऊ नका, रात्रभर दरवाजा आपटतो आणि दिव्याचा उजेड तंबूत येतो, बॅटऱ्या घेतलेली पोरं तुमच्या तंबूतूनच शॉर्टकट मारतात. तिथून तिसरी-चौथी जागा बघा. पाण्याचा नळ जवळ असला तर सोनं. लूपच्या तोंडाशी असलेली जागा नको, प्रत्येक गाडी तुमच्यावर हेडलाइट मारत आत जाते. फोटो असतात प्रत्येक जागेचे, त्यात जमीन उतरती दिसतेय का बघा, उतरती असेल तर सकाळी सगळं कुटुंब एका कोपऱ्यात गोळा झालेलं असतं.

आणि एका जागेवर सहसा आठ माणसांची मर्यादा असते, तुम्ही सहाच आहात, पण 'अजून एक कुटुंब येतंय' म्हणून नवऱ्याने कोणाला आमंत्रण दिलं तर दुसरी जागा घ्या, आणि दुसऱ्या गाडीचे पैसे वेगळे. पैशाचं म्हणाल तर स्टेट पार्कात रात्रीचे साधारण ३५ डॉलरपासून पुढे.

---

अर्धाकप | १३ मे, रात्री ९:५०

रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची असते हे पण सांगा त्यांना. बाबा घोरतात का?

---

सुपलीभर | १३ मे, रात्री १०:०५

अर्धाकप, बाबा घोरत नाहीत, पहाटे चारला उठून मोठ्याने स्तोत्रं म्हणतात.

---

खुंटी_गहाळ | १३ मे, रात्री १०:१२

बाबांचा तंबू ओढ्याच्या बाजूला लावा. ओढ्याला मराठी कळतं.

---

पोटमाळा | १४ मे, सकाळी ९:३०

बरं हरलोच आहोत तर मग कामाचं सांगतो. आमच्या आईचं जे बिघडलं ते थंडीमुळे नाही, खालून आलेल्या गारव्यामुळे. लोक वर तीन पांघरुणं घेतात आणि खाली पातळ चटई. गार तर जमीन करते. हवेची मोठी गादी म्हणजे आतली हवापण गार होते, तिच्यावर एक घोंगडी किंवा जाड रजई टाका मग चादर. सतरंजी चालेल. वृद्धांना कॅम्प कॉट म्हणजे घडीची खाट मिळते ती उत्तम, गुडघेवाल्यांना जमिनीवरून उठायला लागत नाही. पहिल्यांदाच जाताय तर विकत घेऊ नका, आरईआय (कॅम्पिंगच्या सामानाचं दुकान) भाड्याने देतं तंबू वगैरे.

आणि घरी अंगणात नाहीतर पार्किंगमध्ये एकदा तंबू लावून बघा. आम्ही भाड्याने आणलेल्या तंबूच्या एका काठीचा तुकडाच नव्हता, ते अंधारात कळलं.

---

मधलीआळी | १४ मे, सकाळी ११:४५

रॅकूनबद्दल कोणी बोललंच नाही अजून!

आमची गोष्ट सांगते (कुठल्या पार्कातली ते जाऊ दे, चूक आमचीच होती). रात्री सगळं आवरलं, खाण्याच्या पेटीत ठेवलं, प्रत्येक जागेवर ती लाकडी किंवा लोखंडी पेटी असते, पण कूलर जड म्हणून टेबलाखाली ठेवला आणि त्यावर पाण्याचा पाच गॅलनचा डबा. सुरक्षित. पहाटे तीनला खुडबुड झाली, बॅटरी मारली तर तीन रॅकून टेबलाभोवती बसलेले, डबा आडवा, कूलर उघडा, आणि त्यातला एक माझ्या साजूक तुपातल्या बेसनलाडवाचा डबा दोन्ही हातांनी धरून माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की मीच त्याच्या घरात शिरलेय. नवरा हाडूत हाडूत करत होता, त्यांना काय कळतंय, झाकण कसं उघडायचं तेवढं नेमकं कळत होतं.

म्हणून सगळं खाणं, टूथपेस्ट, साबण, कचरा, कुठलाही वास येणारी गोष्ट पेटीत किंवा गाडीत. तंबूत बिस्किट नाही म्हणजे नाही, पाच वर्षांच्या मुलाचे खिसे तपासा. दिवसा 'स्टेलर्स जे' नावाचे निळे पक्षी ताटातली पोळी उचलतात. सांताक्रूझच्या डोंगरातल्या पार्कांत तर सांडलेले कणसुद्धा उचलायला लावतात, कारण सांडलेल्या अन्नावर हे निळे पक्षी आणि कावळे वाढतात आणि मग रेडवुडच्या उंच फांद्यांवर घरटी करणाऱ्या मार्बल्ड मरलेट नावाच्या समुद्रपक्ष्यांची अंडी खातात. या पक्ष्याचं घरटं कुठे असतं तेच कितीतरी वर्षं कोणाला माहीत नव्हतं, १९७४ मध्ये तिथल्याच बिग बेसिन स्टेट पार्कातल्या एका झाडावर सापडलं. राहायचं समुद्रावर आणि अंडी घालायची रेडवुडवर, यालाही बहुतेक धुकटरावांनीच सल्ला दिला असणार.

---

निवांत_नाही | १४ मे, दुपारी १२:३०

बिग बेसिनवरून आठवलं, जुने ब्लॉग वाचून तिथे बुक करायला जाऊ नका. २०२० च्या ऑगस्टमधल्या आगीत ते जवळजवळ सगळं जळलं. सीक्लिफ बीचचा कॅम्पग्राउंडपण जानेवारी २०२३ च्या वादळात वाहून गेला. दोन्ही कित्येक जुन्या 'टॉप टेन' याद्यांत अजून आहेत. कुठलंही पार्क आवडलं की आधी त्याच्या अधिकृत पानावर आज काय चालू आहे ते बघायचं आणि मग स्वप्नं.

---

धुकटराव | १४ मे, रात्री ८:२०

आणि पॉयझन ओक. तीन-तीन पानांचं झुडूप, चकचकीत, सगळ्या वाटांच्या कडेला. आईबाबांना समजावायला सोपं आहे, बिब्ब्याचा चुलतभाऊ म्हणून सांगा. खरंच एका कुळातले आहेत, आंबा काजू बिब्बा आणि हे. काजूच्या टरफलाच्या तेलाने जसं हाताची साल निघते तसंच प्रकरण. बिबा उतणे काय असतं ते रत्नागिरीकरांना वेगळं सांगायला नको, मुलांना मात्र दाखवून ठेवा. हात लागलाच तर लगेच साबणाने धुवा, कपडेपण.

लाकडं घरून नेऊ नका, तिथेच विकत मिळतात, एका गावच्या लाकडातले किडे-रोग दुसऱ्या जंगलात जातात म्हणून. आगीचा धोका वाढला की शेकोटीवर बंदी येते, त्यामुळे स्वयंपाक शेकोटीवर असं ठरवून जाऊ नका, दोन बर्नरचा गॅस हवाच.

समुद्रावर: पाण्याकडे पाठ करायची नाही. अचानक एखादी मोठी लाट वाळूवर खूप वर येते आणि माणूस ओढून नेते, इकडे त्यांना स्नीकर वेव्ह म्हणतात. बाबा पोहणारे असतील तरी आत नको, या पाण्यात काही मिनिटांत हातपाय आखडतात.

---

सुपलीभर | १५ जुलै, सकाळी ६:५०

धागा वर काढतेय. मिळालं!!!

दोन महिने रोज बघत होते. मंगळवारी सकाळी ईमेल आली, सॅम्युअल पी. टेलर, गुरुवार-शुक्रवार दोन रात्री, क्रीकसाइड. मी खरंच फोडणी सोडली, मोहरी जळली. नवऱ्याने शुक्रवारची सुट्टी टाकलीय. बाबांना मी स्वेटर भरायला सांगितलं तर म्हणाले जुलैत स्वेटर घालून मी काय माथेरानला चाललोय. गुपचूप माकडटोपी घेतलीय माझ्या बॅगेत.

---

खुंटी_गहाळ | १५ जुलै, सकाळी ७:१५

मोहरीला श्रद्धांजली. वृत्तांत आल्याशिवाय धागा बंद होणार नाही.

---

सुपलीभर | २१ जुलै, रात्री ९:३०

वृत्तांत. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

गुरुवारी अकराला निघालो, चेक-इन दोनला. तंबू अंगणात दोनदा लावून बघितला होता (पोटमाळांचे आभार), तरी तिथे पाऊण तास लागला कारण पाचही जण सूचना करत होते. आईला घडीची खाट भाड्याने घेतली होती आणि ती खाट सगळ्यांनी हेव्याने बघितली, पाच वर्षांचा तर रात्री तिथेच जाऊन झोपला. नकाशात संडासापासून चौथी जागा होती, प्रत्यक्षात अंतर बरोबर निघालं, बाबा रात्री दोनदा एकटे बॅटरी घेऊन जाऊन आले आणि येताना शेजारच्या तंबूतल्या जागं असलेल्या आजोबांशी हवामानावर बोलून आले, कुठल्या भाषेत ते दोघांनाच माहीत.

रस्त्याचा आवाज येतो हे खरं, पण नऊनंतर विरळ होतो, मग फक्त ओढा. स्तोत्रं पहाटे चारलाच झाली पण हळू आवाजात. आईने म्हणे खाटेवरून हात लांब करून एक चिमटा काढला होता. पहाटे तंबूवर टपटप सुरू झाली तेव्हा नवरा पाऊस पाऊस म्हणून बाहेर धावला, मी झोपेतच सांगितलं मधलीआळींनी लिहिलंय, झोप.

शुक्रवारी लिमंतूर. पार्कात छान ऊन होतं, बाबा सुती सदऱ्यात, मला विजयी मुद्रेने बघत होते. वाटेत पॉइंट रेजच्या बेअर व्हॅलीला थांबून ती भूकंपाची छोटी सपाट वाट बघितली, १९०६ मध्ये कुंपण पंधरा फुटांहून जास्त सरकलं ती जागा, आईलाही चालायला जमली. मग डोंगर चढलो, वर धार ओलांडली आणि पुढे काहीच नाही. म्हणजे खरंच काहीच नाही, पांढरं. गाडीतला आकडा ७९ वरून उतरत उतरत ५७. धुकटराव, तुमची आठवण काढली सगळ्यांनी, बाबांनीसुद्धा, जरा वेगळ्या शब्दांत.

बीचवर उतरलो. दहा पावलांवरची लाट दिसत नव्हती, नुसता आवाज. बाबा काही बोलले नाहीत, हात पुढे केला, मी माकडटोपी दिली. मग वाळूत उभे राहून त्यांनी बराच वेळ बघितलं (काय बघितलं कोण जाणे) आणि म्हणाले, भरती लागलीय. मी फोनवर तक्ता उघडला, खरंच लागली होती. तेव्हापासून घरात पुन्हा 'समुद्र आम्हाला नको शिकवूस' सुरू झालंय.

आईने पाण्यात पाय बुडवले आणि लगेच काढले, म्हणाली फ्रिजमधलं आहे. मुलं दोन तास खेळली, त्यांना थंडी वाजत नाही हे कुठल्या शास्त्रात बसतं माहीत नाही. नंतर परत डोंगर ओलांडून ऊन्हात तंबूपाशी पिठलं-भात. बेसनलाडू पेटीत कुलूपबंद होते. रॅकून आला होता, एकच, ओल्या टेबलावर पंजे उमटले होते.

शेकोटीला बंदी नव्हती. शेजारच्या आजोबांनी त्यांच्याकडची उरलेली लाकडं आणून दिली आणि बाबांनी त्यांना लाडू दिला.

---

पोटमाळा | २१ जुलै, रात्री १०:०५

आईंचं मत काय झालं? गादी की खाट?

---

सुपलीभर | २१ जुलै, रात्री १०:२०

आई म्हणते खाट घरीपण घेऊ या.

---

धुकटराव | २१ जुलै, रात्री १०:४८

बाबांना म्हणावं कान पकडले. भरतीचं मला जमलं नसतं. आता पुढच्या वर्षी समुद्राला लागूनच राहायचं असेल तर बुकिंग कधी उघडतं ते लक्षात आहे ना?

---

सुपलीभर | २२ जुलै, सकाळी ७:३०

आहे आहे. आम्ही १८ जानेवारीला सकाळी आठचा गजर लावलाय. तोपर्यंत आईबाबा परत गेलेले असतील, पण बाबांनी हिशोब केलाय, इथले सकाळचे आठ म्हणजे तिथले रात्रीचे साडेनऊ, जेवणं झालेली असतात, बातम्या संपत आलेल्या असतात. म्हणतायत मला लॉगिन करून दे, मी रत्नागिरीहून प्रयत्न करतो, तुमच्यापेक्षा माझं इंटरनेट बरं आहे.

---

अर्धाकप | २२ जुलै, सकाळी ८:१०

बाबांनी कर्बी कोव्ह मिळवलं तर मी सामान वाहायला येतो, भोंग्यासकट.